केरबा मामांचा उजवा तळपाय

मेंढीचं खूर वाढलं की ती लंगडायला लागते. मग तिला आडवी पाडायची, तिचा पाय आपल्या गुडघ्यांत धरायचा आणि चाकूनं वाढलेलं खूर तासायचं. किती तासायचं हे मेंढीच सांगते. मेलेल्या खुराला काही कळत नाही, पण चाकू जिवंत मांसाजवळ आला की ती पाय ओढते. तिनं पाय ओढला की थांबायचं. केरबा मामांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं आणि देवगाव रंगारीच्या पुढच्या वस्तीवर त्यांच्याइतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. लोक आपल्या लंगड्या मेंढ्या त्यांच्याकडं आणून सोडायचे.

मामांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला घट्टा झाला होता. जन्म उन्हातान्हात आणि काट्याकुट्यांत गेलेला, त्यामुळं घट्ट्याचं त्यांना नवल नव्हतं. हा मात्र चपलेत अडत असणार असं त्यांना वाटायचं. एका सकाळी मेंढ्यांची खुरं तासून झाल्यावर त्यांनी तोच चाकू धुतला, दगडावर बसले आणि पाय मांडीवर घेऊन घट्टा तासायला लागले. नजर अधू झालेली, त्यामुळं बोटानं चाचपत काम चाललं होतं. पाय काही ओढ घेईना. मग ते तासत राहिले. बोटं चिकट झाली तेव्हा रक्त आलंय हे त्यांच्या लक्षात आलं. मेंढीच्या सडक्या खुराला लावतात तो निळा मोरचूद त्यांनी जखमेत भरला, वर चिंधी गुंडाळली आणि मेंढरं घेऊन रानात गेले.

"लई हलकं वाटलं वो त्या दिशी," नंतर मला सांगताना त्यांच्या आवाजात अजून समाधान होतं. "पायाखालचा खडाच गेला जनू."

मधुमेह त्यांना बरीच वर्षं होता. त्यानं पायाच्या नसा हळूहळू मारून टाकल्या होत्या, आणि हे सांगायला कुणी आलं नव्हतं. जो पाय दुखत नाही तो बरा आहे, असंच कुणीही धरून चालेल. शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओला ठसा उमटलेला त्यांच्या बायकोला, राजाबाईला, दिसला तेव्हा जखमेला वास यायला लागला होता. मुलगा रामप्रसाद वाळूजला कंपनीत कामाला. तो गाडी घेऊन गेला आणि दोघांना उस्मानपुऱ्यात आमच्या दवाखान्यात घेऊन आला.

आमचा दवाखाना फक्त पायांचा आहे. शीला मॅडम डॉक्टर. प्लास्टर बांधणं, तळपायाचा साचा घेणं, चपलेची आतली गादी पायाबरहुकूम कापणं ही कामं माझी. मी याचंच शिक्षण घेतलं आहे आणि मला हे काम मनापासून आवडतं. पाय हा शरीराचा सगळ्यात कमी बघितला जाणारा भाग. पण माणूस कसा उभा राहतो, कुठं भार देतो, काय लपवतो, हे तळवा उघडा केला की बरंचसं दिसतं.

पहिल्यांदा मी मामांची संवेदना तपासली. त्यासाठी आमच्याकडं नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो, दांडीला बसवलेला. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. पेशंटनं डोळे मिटायचे आणि कळलं की हो म्हणायचं.

"व्हय," मामा म्हणाले.

मी अजून दोरा टेकवलाच नव्हता.

"मामा, कळल्यावर म्हणा."

"व्हय."

"आता कळलं?"

"तुम्ही इचारलं म्हनून म्हनलं. बाई मानूस येवढं वाकून करू ऱ्हायलीय, नाय कसं म्हनावं?"

राजाबाई तोंडाला पदर लावून हसली. "घरी आसंच करतेत. भाजी कशी झाली म्हनलं की तोंडात घालायच्या आधी व्हय."

मी दहा जागी दोरा टेकवला. एकही जागा त्यांना कळली नाही. त्यांनी डोळे उघडले तेव्हा दोरा जखमेच्या शेजारी वाकलेला होता आणि ते पायाला टेकलेल्या माझ्या हाताकडं बघत होते. "ह्यो माझाच पाय हाय ना?" त्यांनी विचारलं. ही थट्टा नव्हती.

दोन गोष्टी चांगल्या होत्या. पायातला रक्तपुरवठा ठीक होता आणि जखम हाडापर्यंत गेली नव्हती. मॅडमनी मेलेली कातडी काढली, आठवडाभर औषधं दिली. जंतुसंसर्ग उतरल्यावर प्लास्टरचं ठरलं.

"माझं हाड कुठं मोडलंय?" मामा म्हणाले. "मेंढराचा पाय मोडला तर म्या बी कामट्या बांधतो. पर ह्यो तर नुसता घाव हाय."

मी त्यांना समजावलं. तळव्याच्या जखमेला मलमापेक्षा विश्रांती लागते. प्रत्येक पावलाला सगळा भार तिथंच येतो आणि रोज भरलेलं रोज फाटतं. गुडघ्याखालून पूर्ण पायाला, तळव्याच्या प्रत्येक खळग्याला घट्ट बसेल असं प्लास्टर बांधलं की भार पोटरीवर आणि सगळ्या तळव्यावर वाटला जातो. दर आठवड्याला काढून जखम बघायची आणि नवीन बांधायचं. काढता येणारे बूटही मिळतात, पण जगभर झालेल्या अभ्यासांत एकच दिसलं आहे. ज्याचा पाय दुखत नाही तो माणूस घरी गेल्यावर बूट काढून ठेवतो आणि चार पावलंच तर चालायचंय म्हणून चालतो. म्हणून हल्ली पहिली पसंती न काढता येणाऱ्यालाच.

"म्हंजी तुमचा आमच्यावर भरोसा नाय."

"पायावर नाही, मामा. तो खबर देत नाही तुम्हाला."

हे त्यांना पटलं. पण त्यांची अडचण वेगळी होती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पैठणकडं निघायचं. धरणाचं पाणी मागं सरकतं तशी काठाला हिरवळ उघडी पडते. वाटेत शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतात, रानाला लेंडीखत मिळतं. तेच शेत, तेच माणूस, दर वर्षी. केरबा आला नाही तर लोक विचारणार. आणि मेंढरं त्यांनी दिवसभरसुद्धा कधी दुसऱ्याच्या हवाली केली नव्हती.

त्यांनी रामप्रसादला समोर बसवलं. "राम्या, प्लास्टर निघंस्तवर मेंढरं संभाळशील?"

"संभाळतो आबा. खंडूदादा आहे ना वस्तीवर." खंडेराव हा रामप्रसादचा चुलतभाऊ, शेजारीच राहणारा.

"पैठणच्या वक्ताला माझ्या ताब्यात देशील?"

"देतो म्हणलं ना."

"खंडोबाची आन घे."

"आता आण कशाला घ्यायला लावता इथं दवाखान्यात? माझ्यावर भरोसा नाय का?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. थोड्या वेळापूर्वी त्यांनी मला हेच म्हटलं होतं. मग ते म्हणाले, "बांधा बाई."

दवाखान्यांत एक रीत आहे आणि आमचा दवाखाना तिला अपवाद नव्हता. पेशंटशी गोड बोलायचं आणि खरं काय ते नातेवाइकाला बाहेर बोलावून सांगायचं. पेशंट घाबरेल, त्याचा धीर सुटेल, अशी त्यामागची समजूत. मी प्लास्टरच्या पट्ट्या भिजवत होते तेव्हा मॅडमनी रामप्रसादला बोलावलं. दार अर्धवट उघडं होतं.

"जखम भरेल," मॅडम सांगत होत्या. "पण भरली म्हणजे संपलं असं नाही. अशा शंभर जणांतल्या चाळीसेक जणांना वर्षाच्या आत पुन्हा होतं. हे दिवसभर दगडाधोंड्यांत फिरणार असतील तर यांना होणारच. आणि पुढच्या वेळी पाय वाचेल की नाही, मी सांगू शकत नाही."

"म्हणजे मेंढरं बंद?"

"बंदच समजा."

आत मामांनी मान वळवली. "काय बोलू ऱ्हायले भाईर?"

"औषिधाचं आसंल," राजाबाई म्हणाली.

रामप्रसाद परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यांच्या वस्तीवरच्या साहेबरावांचा पाय असाच गुडघ्यापासून काढला होता, हे त्यानं मला जाताना सांगितलं. ते दारात खाटेवर बसून असतात. लहान पोरं त्यांच्या कुबडीनं चिंचा पाडतात.

पुढचे आठवडे मामा आणि राजाबाई वाळूजला रामप्रसादच्या खोलीवर राहिले. दर आठवड्याला प्लास्टर बदलायला यायचे. मामांना दवाखान्याची सवय झाली, आम्हाला मामांची. प्रतीक्षेत बसलेल्या लोकांना ते सांगायचे, "ह्या औरंगाबादेत लाखो मानसं हायेत, पर खुट्याला बांधलेलं मेंढरू म्या येकलाच."

"मेंढरू बरं," राजाबाई म्हणायची. "ते मिठावरून भांडत नाय."

संध्याकाळ झाली की राजाबाई खंडेरावला फोन लावून द्यायची. मामांना आकडे दिसत नव्हते. खंडेराव जाळीत कोंडलेल्या मेंढरांजवळ फोन धरायचा आणि मामा ऐकत बसायचे. जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायचे, त्याला त्यांची काळी मेंढी ओरडून उत्तर द्यायची. त्यांनी तो आवाज मला एकदा काढून दाखवला. प्रतीक्षेतलं एक तान्हं बाळ रडायचं थांबून बघायला लागलं.

दसऱ्याच्या आसपास ते आले तेव्हा प्रतीक्षेत न बसता सरळ माझ्या टेबलाशी आले.

"काळी बोलंना," ते म्हणाले.

"फोनवर तिला काय कळतंय?" राजाबाई झटकन म्हणाली. "इतके दिस बोलली तेच लई झालं."

"बाकीची बी येगळीच वाटतेत. आवाज भरड हाय."

"पावसाळी गवत खाऊन घसा बसला आसंल. आन् तुमचे डोळे गेले, आता कान बी चालले."

सगळे हसले. मामाही हसले. मी जुनं प्लास्टर कापत होते. त्या दिवशी जखम इतकी लहान झाली होती की मॅडम, राजाबाई आणि मी तिच्यावर वाकून बघत होतो, आणि काळीचं बोलणं मागं पडलं.

जखम भरली. भरलेल्या जागी गुलाबी, पातळ कातडी येते. ती पाहिली की मला अजूनही आपण काहीतरी केलं असं वाटतं. मी मामांच्या पायाचा साचा घेऊन मऊ रबराची गादी कापली आणि घट्ट्याच्या जागी खोलगट ठेवली, म्हणजे तिथं भार येऊ नये. पट्ट्यांच्या चपला तयार झाल्या. मग राजाबाईला शिकवलं. रोज संध्याकाळी उजेडात दोन्ही तळवे बघायचे. बोटांच्या बेचक्यांत बघायचं. दवाखान्यानं दिलेल्या तापमापकानं दोन्ही पायांची तीच ती जागा मोजायची. एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन अंशांहून जास्त गरम लागला, आणि दुसऱ्या दिवशीही तसाच लागला, तर आत काहीतरी सुरू झालंय. चालणं थांबवायचं आणि फोन करायचा. मामांना स्वतःचा तळवा दिसत नव्हता, आरसा देऊन उपयोग नव्हता. त्यांच्या पायाचे डोळे आता राजाबाई होती. ती भराभर शिकली. जाताना मामांनी मला आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "पैठणहून आलो की तुम्हाला येक लोकरीचं घोंगडं आनतो."

रामप्रसाद खाली गाडीजवळ उभा होता. तो वर आला नाही.

पुढचं मला राजाबाईनं, रामप्रसादनं आणि मामांनी वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

गाडी वस्तीवर थांबली. मामा नव्या चपलांनी, शिकवलं होतं तसे, लहान पावलं टाकत आधी मेंढरांच्या जागेकडं गेले. तिथं जाळी नव्हती. ती गुंडाळून बाभळीच्या फांदीला अडकवलेली होती. जमिनीवरच्या लेंड्या वाळून पांढऱ्या पडल्या होत्या. कुत्रं धावत आलं, पायांत घोटाळलं.

"चरायला गेली का?" मामांनी विचारलं. मग त्यांनी वाकून एक लेंडी बोटांत घेतली. ती चुरगळून माती झाली. चरायला गेलेल्या मेंढरांची लेंडी अशी नसते.

"राम्या."

"आबा, आधी घरात चला. उभं राहू नका जास्त."

"राम्या, मेंढरं कुठं हायेत?"

"इकली."

"कोनी?"

"मी. डॉक्टरांनी सांगितलं, आबा. परत मेंढरांमागं गेलात तर पाय जाईल. साहेबरावकाकांसारखं बसायचं का दारात? तुम्हाला इचारलं असतं तर तुम्ही दिली असती का?"

"नाय."

"मग?"

मामांनी राजाबाईकडं बघितलं. ती चुलीकडं निघाली होती.

"फोनवर कोन वरडत व्हतं गं?"

राजाबाई थांबली. खंडेराव फोन घेऊन वस्तीवरच्याच सांडू नावाच्या मेंढपाळाच्या मेंढरांजवळ जाऊन उभा राहायचा. व्यापारी मेंढरं घेऊन गेला त्या दिवसापासून रोज. आणि तसं करायला त्याला तिनंच सांगितलं होतं. प्लास्टर असताना यांना कळलं तर हे प्लास्टर फोडून, तसेच रक्ताळलेल्या पायानं बाजारात जातील, अशी तिला खात्री होती. मलाही तशीच खात्री आहे. पण हे मी मामांना कधी बोलून दाखवलं नाही.

"रोज लावून देत व्हतीस," मामा म्हणाले. "रोज माझ्या शेजारी बसून ऐकत व्हतीस."

त्या संध्याकाळी राजाबाई तापमापक घेऊन आली. मामांनी पाय धोतराखाली ओढून घेतले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. त्यांनी भांडण केलं नाही, जेवण सोडलं नाही. रामप्रसादनं किराणाची टपरी टाकून देतो म्हटल्यावर, "टाक" म्हणाले. फक्त पाय कुणाला दाखवेनात. दिवसभर रिकाम्या जागेभोवती, बांधाबांधानं चालत राहायचे. चपला घालून, पण चालत. पैठणच्या वाटेवर लोक निघाले तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना म्हणाले, "यंदा नाय."

दिवाळीनंतर काही आठवड्यांनी मला राजाबाईचा फोन आला. "ताई, ते आंघोळीला गेले तवा म्या चप्पल उलटी करून बघितली. आत डाग हाय."

रामप्रसाद त्यांना घेऊन आला. मामा पुढं, ही दोघं मागं, मधे अंतर. मी टेबलाजवळ स्टूल ठेवलं. राजाबाई सवयीनं खाली बसली आणि चपलेचा पट्टा सोडायला गेली. मामांनी पाय मागं घेतला.

"बाई, तुम्ही सोडा. हिनं नगं."

जखम पुन्हा त्याच जागी होती. लहान होती, उथळ होती, पण शेजारचा भाग डाव्या पायाच्या मानानं बराच गरम होता. मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं आणि नेहमीप्रमाणं त्यांची नजर रामप्रसादकडं गेली. त्या दाराकडं वळल्या.

"डॉक्टरीनबाई," मामा म्हणाले, "भाईर नगा जाऊ."

मॅडम थांबल्या.

"मागच्या बारीला तुम्ही ह्याला काय सांगितलं, ते मला आता कळलंय. तुम्हाला ठावं व्हतं का ह्यो मेंढरं इकनार म्हनून?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मेंढरं बंद करा एवढं मी म्हणाले. विका म्हणाले नाही."

"बंद करा, ते बी मला नाय म्हनलात."

"तुम्ही घाबरला असता, मामा."

"घाबरलो आसतो," मामा म्हणाले. "कामून नाय घाबरनार? पाय माझा व्हता. मेंढरं माझी व्हती. घाबरायचं बी मीच व्हतं. दोन्ही पैकी येक जानार आसंल तर कोनतं द्यायचं ते मला इचारायचं व्हतं. कदाचित म्या मेंढरंच दिली असती वो. येकेक करून, जिथं चांगलं मानूस हाय तिथं. काळी सांडूला दिली असती. मला तिथं जाऊन बसता आलं असतं. तुम्ही समद्यांनी मिळून माझं मलाच परकं केलं."

रामप्रसादनं मान खाली घातली होती. "आबा, मी तुमचा पाय वाचवायला..."

"वाचवलास. तो बघ, टेबलावर हाय."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या मामांच्या समोर बसल्या. आमच्या दवाखान्यात पेशंटच्या समोर बसून इतका वेळ बोलताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. नसा मेल्या आहेत आणि त्या परत येत नाहीत. जखम भरते पण रोग जात नाही, तो फक्त दबून राहतो. परत प्लास्टर केलं तर बहुधा भरेल, तरी पुढं आयुष्यभर रोज तळवा बघावा लागेल, आणि बघणारं माणूस लागेल. प्लास्टर नाही केलं तर काय होऊ शकतं, तेही त्यांनी सांगितलं. एकही शब्द गोड केला नाही. मामा मधे मधे प्रश्न विचारत होते. हाडाला लागलं तर किती कापतात, कापल्यावर दुसरा पाय किती टिकतो, असे प्रश्न. राजाबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

सगळं ऐकून झाल्यावर मामा म्हणाले, "बांधा. आता माझ्या मागं घरातून न्यायला काय उरलं नाय."

मी पट्ट्या भिजवल्या. बांधताना त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. तळव्याला हात फिरवताना मला वाटलं, याला काही कळत नाही, आणि बाकी सगळ्या माणसाला किती कळतंय.

या वेळी ते वाळूजला गेले नाहीत. वस्तीवरच राहिले आणि दर आठवड्याला एसटीनं एकटे यायचे. मॅडमनी नको म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. राजाबाई डबा करून द्यायची. तो ते खायचे. तिच्याबद्दल विचारलं तर, "हाय बरी," एवढंच.

प्लास्टर निघायच्या दिवशी त्यांच्याबरोबर एक ठेंगणा, हसऱ्या तोंडाचा माणूस आला.

"ह्यो सांडू," मामा म्हणाले. "ह्याला शिकवा ते गरम-गार बघायचं."

"मला काय ठावं व्हतं, ताई?" सांडू स्टुलावर बसायच्या आधीच सुरू झाला. बहुधा प्रत्येकाला तो हे सांगत असावा. "खंड्या रोज यायचा, म्हनायचा तिकडं रेंज नाय, हितं उभा ऱ्हाऊन बोलतो. म्या म्हनलं बोल बाबा. माझी मेंढरं यांच्याशी बोलू ऱ्हायली हे मला कुठं ठावं! नायतर म्याच बोललो नसतो का? केरबादादा, म्या सांडू हाय, ही माझी हायेत."

"बस आता," मामा म्हणाले. तेवढ्यापुरते ते हसले.

मी सांडूला तापमापक धरायला शिकवलं. त्याचा हात जड होता आणि तो सारखा बोलत होता, पण त्यानं दोन्ही पाय नीट मोजले. आता मेंढरं कोंडून झाली की मामा त्याच्या जाळीपाशी जातात. सांडू बॅटरी लावून तळवा बघतो, मोजतो आणि मोठ्यानं सांगतो. मामा तिथं थोडा वेळ बसतात. मग घरी जेवायला जातात.

जायच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "येक सांगायचं व्हतं. माझ्या पायाचं जे काय आसंल ते मला सांगायचं. घरच्यांचा फोन आला तर त्यांना नाय."

मी हो म्हणाले. त्यांचा तो हक्कच आहे, आणि मॅडमनीही आता प्रत्येक पेशंटच्या बाबतीत तसंच करायचं ठरवलं आहे.

पाय अजून चांगला आहे. महिन्यातून एकदा ते दाखवायला येतात. ते येऊन गेले की दुसऱ्या दिवशी राजाबाईचा फोन येतो. कधी आले होते हे तिला तिकिटावरून कळतं की डब्यावरून, मी विचारलेलं नाही.

"ताई, पाय कसा हाय त्यांचा?"

"मावशी, त्यांनाच विचारा ना."

"इचारते की. बरा हाय म्हनतेत." मागं भांड्यांचा आवाज येत असतो. "म्या बघितलेला नाय ना दिवाळीपसून. रंग कसा हाय? गुलाबी हाय का अजून, का काळपट पडला?"

"मावशी, मला सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणते. "बरं बाई. तुमचं बी बरोबर हाय." आणि फोन ठेवत नाही.